उजवीकडची जागा

त्सुकुबा
९ जून २०२४

अंबरीष,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. फोन केला असता तर तू पहिल्याच वाक्याला तोडून भाषण सुरू केलं असतंस. शिवाय बंदुकीबद्दल मेसेजवर एक अक्षर लिहायचं नाही हा तुझाच नियम, तो पाळतोय.

बातमी अशी की नुपूर पास झाली. बंदुकीच्या परवान्यासाठीचा पोलिसांचा वर्ग, लेखी परीक्षा, रेंजवरची परीक्षा, सगळं. लेखीला तिच्याबरोबर बसलेले दोन जपानी काका नापास झाले, हे ती प्रत्येकाला सांगत सुटली आहे. शिकारीचा परवानाही उन्हाळ्यात होईल. म्हणजे पंधरा नोव्हेंबरला सीझन उघडेल तेव्हा पोरगी आपल्याबरोबर तळ्यावर. तू माझ्या डावीकडे, नेहमीसारखा. ती उजवीकडे.

तर माझा बेत ऐक. माझी दुनळी तिच्या नावावर करायची आणि मला सेमी-ऑटो घ्यायची. क्लेला आणि बदकांना, दोन्हीला चालेल अशी एकच. वर्षभर मातीच्या तबकड्या फोडायच्या आणि हिवाळ्यात तीच घेऊन पाण्यावर जायचं. कुठल्या जातीची घेऊ? नळी किती? वजन किती? मुख्य अट एकच: खांद्याला धक्का कमीत कमी बसला पाहिजे. बाकी सगळं तडजोडीला मोकळं.

मेधा म्हणते, अंबरीषभावोजींना विचारा पण उत्तर वाचायला रजा काढावी लागेल.

विश्वजित


कोबे
१४ जून

दादा,

नुपूरला सांग, काका खूश आहे. आणि वहिनींना सांग, उत्तर दोनच कागदांत बसवलंय, रजा नको.

आधी माझं मत, मग तुझी उत्तरं. सेमी-ऑटो घेऊ नकोस. दुनळी मोडली की दोन्ही भोकांतून पलीकडचा उजेड दिसतो. तुलाही दिसतो, शेजारच्यालाही दिसतो, रेंजवर मागे बसून चहा पिणाऱ्यालाही दिसतो की ही रिकामी आहे. सेमी-ऑटोचं पोट बंद. आत काय आहे ते चालवणाऱ्यालाच माहीत, आणि कधीकधी त्यालाही नाही. दुसरं, दुनळीचं रिकामं काडतूस तुझ्या हातात येतं. सेमी-ऑटो ते उजवीकडे भिरकावते, शेजाऱ्याच्या अंगावर नाहीतर लव्हाळ्यात. तळ्यावर एकही टरफल सोडून यायचं नाही, मग चिखलात ओणवा होऊन शोधत बस.

ऐकणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून पुढचं.

गॅसवर चालणारी घे. गोळीमागचा थोडा वायू वळवून ती स्वतःचं यंत्र फिरवते, त्यामुळे धक्का पसरतो, ढकलल्यासारखा लागतो. दुसरी जात धक्क्याच्याच जोरावर चालते. ती हलकी, साफ करायला सोपी, पण खांद्याला कडक. शिवाय आपण क्लेला जी चोवीस ग्रॅमची हलकी काडतुसं वापरतो, त्यांवर ती जात कधी अडते. गॅसवाली अडणार नाही, फक्त प्रत्येक वेळी उघडून काजळी पुसायची. तू आळशी आहेस म्हणून हे अधोरेखित केलंय.

नळी अठ्ठावीस इंच. क्लेवाले तीस सांगतील, ऐकू नकोस, होडीत आणि लव्हाळ्यात तीस आडवी येते. वजन सव्वातीन किलोच्या खाली नको. हलकी बंदूक दुकानात हातात छान वाटते, शंभर तबकड्यांनंतर नाही. पाण्यावर शिसं चालत नाही तिथे पोलादी छर्रे लागतील, तेव्हा नळीला पोलाद चालत असल्याचा शिक्का बघूनच घे. आणि पोटात दोन, नळीत एक, तीनच्या वर मावता कामा नये, विकणाऱ्याने ते बुजवून दिलंय का ते स्वतः काडतूस घालून तपास. त्याच्या शब्दावर जाऊ नकोस.

घाई करू नकोस, हेही सांगतो. इथे परवाना माणसाला मिळत नाही. अमुक माणूस आणि अमुक नंबरची बंदूक, अशा जोडीला मिळतो. चुकीची घेतलीस तर पुन्हा पहिल्यापासून: दुकानाचं संमतीपत्र, डॉक्टरचा दाखला, पोलीस घरी येऊन वहिनींना विचारणार की नवरा भांडतो का, पितो का, शेजारणीलाही विचारणार.

माझ्याकडे कुठल्या कॉलेजचा कागद नाही हे तुला ठाऊक आहे. पोलिसांच्या त्या वर्गाच्या पुस्तकावरच मी जपानी शिकलो, शब्दकोश मांडीवर घेऊन. पण तू दुसरा कुणी दाखव, ज्याने तुझ्या प्रश्नांना एवढं नेमकं उत्तर दिलं असतं. काही राहिलं असेल तर विचार.

अंबरीष


त्सुकुबा
३० जून

अंबरीष,

कागद दोन, पण अक्षर मुंगीचं. मेधाला मोठ्याने वाचायला लावलं.

गॅसवाली, अठ्ठावीस, ठरलं. एक राहिलं. रिकामं काडतूस डावीकडे फेकणारी सेमी-ऑटो मिळते का? माझा उजवा खांदा आखडलाय, फ्रोझन शोल्डर म्हणतात ते. हात वर जात नाही. डॉक्टर म्हणतात वर्ष लागेल. तोवर डाव्या खांद्यावरून मारायला शिकतोय. उजवीकडे फेकणारी घेतली तर टरफल माझ्याच नाकासमोरून जाईल.

आणि दस्ता डाव्या गालाला बसेल असा करून मिळतो का?

विश्वजित


कोबे
६ जुलै

दादा,

हा प्रश्न मला आवडला. दहा जणांना विचार, नऊ जण सांगतील की जपानात डाव्या हाताची सेमी-ऑटो मिळत नाही. मिळते. मी इथल्या ओळखीच्या दुकानदाराला दुपारभर फोनला लावलं. (तो मला सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणतो. थट्टेने म्हणतो, पण म्हणतो.) इबाराकीतच, तुझ्यापासून गाडीने तासाभरावर, एका म्हाताऱ्या डावखुऱ्या शिकाऱ्याने परत केलेली आहे. इटालियन, गॅसवाली, अठ्ठावीस इंच, टरफल फेकायची खिडकी डावीकडे. तिथल्या दुकानदाराला तुझं नाव सांगून ठेवलंय.

दस्ता कापायची गरज नाही. नळीमागची पेटी आणि दस्ता यांच्यामधे पातळ चकत्या असतात. त्या उलट्या लावल्या की दस्ता डाव्या बाजूला झुकतो. चकतीवर अक्षर असतं, ते बघून लाव, अंदाजाने नको. मग आरशासमोर रिकामी बंदूक गालाला लाव आणि तुझी डावी बाहुली नळीच्या पट्टीच्या बरोबर वर दिसते का बघ.

डाव्या खांद्यावरून मारताना उजवा डोळा लुडबूड करतो, लक्ष्य सरकवतो. तुझा उजवा डोळा जन्मापासून दादागिरी करणारा आहे, गोट्या खेळताना मी त्याच्यापायी किती हरलोय. सुरुवातीला चष्म्याच्या उजव्या काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लाव.

आणि खांद्यासाठी: भिंतीला तोंड करून उभं राहायचं, बोटांनी भिंतीवर वर चढत जायचं. रोज.

आता माझ्याकडून एकही गोष्ट राहिलेली नाही.

अंबरीष


त्सुकुबा
८ सप्टेंबर

अंबरीषकाका,

हे मी टाइप करून प्रिंट केलंय, माझं हाताचं मराठी तुम्हाला वाचता येणार नाही. प्लीज बाबांना सांगू नका की मी लिहिलं.

काका, बाबा माझ्यावर रागावलेत असं मला वाटतं. मी बंदूक घेते ते त्यांना आवडत नाही बहुतेक, पण बोलत नाहीत. मागच्या आठवड्यात मी त्यांना स्टेशनवर दिसले. मी हात करत होते, अगदी बाजूला, आणि ते तसेच पुढे गेले. जेवताना मी त्यांच्या उजवीकडे बसते, वाटी पुढे केली तरी बघत नाहीत. मग आई माझ्या हातातून घेते आणि त्यांच्या समोर ठेवते. गाडी चालवत नाहीत आता. त्सुकुबात गाडीशिवाय कोण राहतं, पण म्हणतात व्यायाम. चहा ओतताना कपाच्या बाहेर ओतला आणि कप हलला म्हणाले.

काल मी त्यांच्याबरोबर क्ले रेंजवर गेले, बघायला. ते जुन्या दुनळीने मारत होते, डाव्या खांद्यावरून. एक तबकडी लागली, म्हणजे दुसऱ्या नळीत अजून काडतूस होतं. तेवढ्यात उजवीकडून साइतो-सान, म्हणजे रेंजचे मॅनेजर, काहीतरी बोलले. काका, कुणी हाक मारली तर आपण मान वळवतो ना? बाबा मान वळवत नाहीत, अख्खे वळतात. बंदुकीसकट. नळी साइतो-सानच्या समोरून गेली आणि माझ्यापर्यंत आली. मी जाळीच्या मागे होते, पण जाळी म्हणजे जाळीच.

साइतो-सान ओरडले नाहीत. 'अबुनाई', धोका आहे, एवढंच म्हणाले, हळू. मग डोकं वाकवून म्हणाले, आज इथेच थांबू या. बाबा गाडीत, म्हणजे टॅक्सीत, म्हणाले की साइतो-सान म्हातारे झालेत, घाबरट झालेत.

पंधरा नोव्हेंबरला मी त्यांच्या उजवीकडे उभी राहणार आहे. मला एवढंच विचारायचं आहे की नवीन माणसाने किती अंतरावर उभं राहायचं? तुम्ही सगळं नीट सांगता म्हणून विचारते.

त्यांचा खांदा आता छान आहे, काळजी करू नका. भूकंपासाठीच्या पाण्याच्या बाटल्यांचं खोकं त्यांनी एकट्याने उजव्या हाताने माळ्यावर टाकलं.

नुपूर


कोबे
११ सप्टेंबर

दादा,

हे पत्र एकट्याने वाच. नाही, चुकलो. वहिनींबरोबर वाच, कारण त्यांना माहीत आहे असं मला वाटतं.

काल कामावर, गोदामात मी स्टुलावर बसून तुझी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. धक्का कमी पाहिजे. टरफल डावीकडे गेलं पाहिजे. गाल डावा. वहिनींकडून वाचून घेतलं. मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं, इंचात आणि ग्रॅममध्ये, आणि हे सगळे प्रश्न एकाच माणसाला का पडावेत ते बघितलं नाही. वर तुला चिकटपट्टी लावायला सांगितली. तुला त्या पट्टीची गरज नव्हती ना?

तुझा खांदा आखडलेला नाही. तुझा उजवा डोळा गेलाय. कधी गेला आणि किती गेला ते मला माहीत नाही, पण मी चुकत असेन तर आज संध्याकाळी फोन कर आणि मला पाहिजे तेवढ्या शिव्या दे.

ऑगस्टमध्ये तुमच्या ठाण्यातून मला फोन आला होता, नव्या बंदुकीच्या अर्जासाठी. ओळखीतला माणूस म्हणून तू माझं नाव दिलं होतंस. त्या बाईंनी फार अदबीने विचारलं की विश्वजित-सान बंदूक बाळगायला सुरक्षित आहेत असं तुम्हाला वाटतं का. मी म्हटलं, माझ्यापेक्षा जास्त. हे वाक्य मी जपानीत बोललो, व्याकरण अगदी बरोबर, आणि फोन ठेवून स्वतःवर खूश झालो.

तळ्याचा नकाशा मी कागदावर काढला. मधे तू, डावीकडे मी, उजवीकडे नुपूर. बदकं समोरून येतात तेव्हा कुणाला काही होत नाही. पण मागामो बदकांचा थवा एकदा आवाजाने फुटला की एकदोन पक्षी हमखास उजवीकडे लव्हाळ्याला धरून खाली जातात. तू त्यांच्या मागे वळणार. वळताना तुझ्या डाव्या डोळ्याला पक्षी दिसेल, नळी दिसेल, आणि त्यांच्या पलीकडे जिथे नुपूर उभी आहे तिथे तुझं नाक आहे.

मी हे आणखी साध्या शब्दांत लिहू शकत नाही.

तिला सांग. अर्ज मागे घे. नाहीतर मला काहीतरी करावं लागेल, आणि ते करायला मला लावू नकोस.

अंबरीष


त्सुकुबा
१७ सप्टेंबर

अंबरीष,

फोन केला नाही याचा अर्थ तुला कळला असेल.

हो. गेला. मार्चमध्ये, एका सकाळी दाढी करताना. आतली रक्तवाहिनी अडली. सुया टोचून झाल्या. आता तिथे राखाडी पडदा आहे, उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मेधाला माहीत आहे, तिला मी गप्प बसवलंय. पोलीस घरी आले तेव्हा तिने चहा दिला आणि सगळं ठीक आहे म्हणाली. तू तिला यात ओढू नकोस.

आणि तुझ्याइतकं नाही तरी थोडं मीही वाचतो. एक डोळा असलेल्यालाही शिकारीचा परवाना मिळतो, नियमात आहे. मग मी काय गुन्हा केला? ऑफिसात सांगितलं असतं तर उद्यापासून माझ्या खुर्चीला कठडे लावले असते. नुपूरला सांगितलं असतं तर ती बंदुकीचं नाव काढणं सोडून मला रस्ता ओलांडायला मदत करत बसली असती. पोरीला वीस वर्षं सांगत आलोय की बरोबर नेईन. एक सीझन. एक सीझन मला तिच्या शेजारी उभं राहायचं होतं, तिचा बाप म्हणून.

मला माझं मोजमाप कळतं. तू गोदामात बसून नकाशे काढू नकोस. आणि तुला नुपूरने लिहिलंय हे न कळायला मी मूर्ख नाही. तुझ्या पत्रात लव्हाळं आलं, नाक आलं, पण रेंज आली नाही. एवढी काळजी घेऊन टाळलंस तिथेच कळलं.

या वर्षी तळ्यावर येऊ नकोस.

विश्वजित


कोबे
२० सप्टेंबर

दादा,

नाही येणार.

नियम मीही पुन्हा काढून वाचला. एक डोळा चालतो, पण दुसऱ्या डोळ्याला दोन्ही बाजूंचं पुरेसं दिसतं का ते तपासून घ्यावं लागतं. तपासून, म्हणजे दुसऱ्याने. तुझं मोजमाप तुला कळतं म्हणालास. मग दाखव.

बागेत जा. बंदूक नको, झाडूचा दांडा घे. डाव्या खांद्याला लाव, समोरच्या एका झाडावर धर. नुपूरला छत्री घेऊन तुझ्या मागून अर्धगोलात चालायला सांग, बोलायचं नाही. आधी डावीकडून, मग उजवीकडून. छत्री दिसली की दिसली म्हण. ती थांबेल तिथे टाच रोवेल. मग दोन्ही खुणा बघ. तू बघ, आणि तिला बघू दे.

एवढं केल्यावरही तू म्हणालास की मी तळ्यावर उभा राहतो, तर मी गप्प.

महिनाअखेरपर्यंत तुझं पत्र आलं नाही तर एक तारखेला मी तुमच्या ठाण्यातल्या त्या बाईंना फोन करीन आणि ऑगस्टमधलं माझं वाक्य परत घेईन. मग तू मला भाऊ म्हण किंवा म्हणू नकोस.

अंबरीष


त्सुकुबा
२९ सप्टेंबर

अंबरीष,

केलं. काल रविवार म्हणून सगळे घरी होते. नाही, काल शनिवार होता. बघ, वारही चुकतोय मी.

नुपूरला म्हटलं, काकाने एक खेळ पाठवलाय. तिने लाल छत्री आणली. मेधा दारात उभी राहिली, हात पदराला पुसत, आणि तिथून हलली नाही. मी समोरच्या पर्सिमनच्या झाडावर दांडा धरला.

डावीकडून ती माझ्या खांद्याच्या रेषेत आली आणि लगेच छत्री दिसली. मी दिसली म्हणालो, जरा मोठ्यानेच म्हणालो. तुला पत्रात काय लिहायचं तेही जुळवायला लागलो होतो.

मग उजवीकडून. मी वाट बघत होतो. काहीच येईना. वाटलं, पोरगी गंमत करते आहे, अजून मागेच उभी आहे. तेवढ्यात पाचोळा वाजला. अगदी जवळ. मी वळलो. ठरवून नाही, आवाज आला म्हणून वळलो, जसा रेंजवर वळलो असेन. आणि दांड्याचं टोक कशाला तरी टेकलं.

छत्री नव्हती ती. तिने छत्री पुढे धरली होती, माझ्या उजव्या गालाशी, आणि ती मला दिसली नव्हती. दांडा तिच्या छातीला टेकला होता. गळ्याच्या जरा खाली. जोराने नाही लागला. तिने हात वर करून तो धरला आणि बाजूला केला, वर्गात शिकवतात तसा, नळी जमिनीकडे.

मेधा रडायला लागली. नुपूर नाही रडली. म्हणाली, "बाबा, म्हणजे स्टेशनवर तुम्ही रागावला नव्हतात?"

मला वाटलं होतं ती विचारेल कधीपासून, का सांगितलं नाहीत. तिने विचारलं ते हे. मी म्हटलं, नव्हतो रागावलो. तिने मोठा श्वास सोडला आणि झाडू घेऊन आत गेली.

सोमवारी ठाण्यात जातो. नव्या बंदुकीचा अर्ज मागे, जुनीचा परवाना परत. त्या बाईंचं नाव होंडा-सान आहे, तुझा आवाज त्यांच्या लक्षात आहे म्हणाल्या होत्या. तू फोन करू नकोस. हे मला करू दे.

दुनळीचं काय करायचं ते सांग. नुपूरच्या हाताला ती लांब पडते, रिकामी उचलूनच दंड थरथरतात. मी हट्टाने तिच्या गळ्यात मारत होतो.

विश्वजित


कोबे
३ ऑक्टोबर

दादा,

टेकला हा शब्द वाचून मी कागद पालथा ठेवला. दुपारी पुढचं वाचलं.

दुनळी दुकानात दे. तो दस्ता तुझ्या मापाचा आहे, कापून तिला बसवू नये. नुपूरला सेमी-ऑटो घे. गॅसवाली, सव्वीस इंच तिच्या उंचीला पुरे, चकत्या काढून दस्ता आखूड होतो, आणि पहिल्याच दिवशी खांदा काळानिळा होऊन ती घाबरणार नाही. खिडकी उजवीकडे, साधी, दुकानात असते तशी. पोट बंद असतं म्हणून मी जे लिहिलं होतं त्यावर उपाय आहे: आतला सरकता बोल्ट मागे अडकवून खिडकीत भगव्या रंगाची खूणपट्टी घालायची. ती लांबून दिसते. हे मला जूनमध्येही माहीत होतं, फक्त माझं म्हणणं पडू नये म्हणून लिहिलं नाही.

म्हणजे सेमी-ऑटो घेऊ नकोस हे मत मागे. हा कागद जपून ठेव, असा दुसरा मिळणार नाही.

तिचा अर्ज व्हायला दोन महिने जातील, नोव्हेंबरचं उघडणं चुकेल. चुकू दे. बदकं फेब्रुवारीपर्यंत असतात.

अंबरीष


त्सुकुबा
१३ जानेवारी २०२५

अंबरीष,

काल गेलो. मी, नुपूर आणि साइतो-सान. तू ज्यांच्याबद्दल ऐकलंयस तेच. मी रेंजवर जाऊन त्यांची माफी मागितली तेव्हा ते माझ्यापेक्षा खाली वाकले आणि म्हणाले, पहिल्या वेळी पोरीबरोबर कुणीतरी जुनं माणूस हवं, मी येऊ का. तुझ्या जागेवर ते उभे राहिले, डावीकडे.

मी काय करू हा प्रश्न होता. बंदूक तिच्या नावाची, मला बोट लावता येत नाही. तिने गाडीतून काढली, तिने खांद्याला अडकवली, मी फसवी बदकं आणि थर्मास घेतला. नोकरासारखा मागून चाललो. गाडीही तीच चालवते आता, आणि वाईट चालवते.

तळ्यावर कडेला बर्फाची साय होती. जागा घेताना मी सवयीने मधे जाऊन उभा राहिलो. नुपूर म्हणाली, "बाबा, तिथे नाही." तिने मला दंडाला धरून तिच्या उजवीकडे, एक पाऊल मागे, उभं केलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिच्या उजवीकडे मी उभा राहिलो की ती माझ्या डाव्या डोळ्यात येते. पूर्ण येते. टोपी, कान, बोटं, चापाबाहेर सरळ ठेवलेलं बोट, खिडकीतली भगवी पट्टी. पलीकडे साइतो-सान. मार्चपासून कुणी मला इतकं नीट दिसलं नव्हतं. ही जागा मी स्वतः शोधायला हवी होती, पण मी मधलीच धरून बसलो होतो.

थवा उशिरा आला, आणि आला तो समोरून. तिने पट्टी काढली. पहिला नेम चुकला, पक्ष्याच्या बराच मागे. तू असतास तर तिथेच व्याख्यान दिलं असतंस. दुसऱ्याला नर पडला. तिसरं तिने मारलं नाही. एक पक्षी उजवीकडे लव्हाळ्याला धरून खाली गेला, तू म्हणाला होतास तसाच. तिची नळी त्याच्यामागे थोडी वळली, आणि माझ्या बरीच अलीकडे थांबली. मग वर आभाळाकडे गेली. मी काही बोललो नव्हतो. साइतो-साननी खाली बघत एकदाच मान हलवली, जपानी माणूस शाबास म्हणतो तशी.

बदक मेधाने वाटण लावून केलंय. छर्रे पोलादी आहेत, एखादा दाताखाली आला तर दात जाईल, असं नुपूरने प्रत्येक घासाला सांगितलं. ही सवय तिने कुणाकडून घेतली ते मी सांगायला नको.

मागच्या वर्षी तुला येऊ नकोस लिहिलं होतं. ते त्या वर्षापुरतं होतं. पुढच्या नोव्हेंबरला ये. साइतो-सान म्हणतात ते पलीकडे सरकतील.

टरफलांचं मात्र तुझं बरोबर होतं. भिरकावतेच ती, जोरात, उजवीकडे. पहिलं सुटलं तेव्हा मी बदकांकडे बघत नव्हतो. लाल, छोटं, धूर सोडत, गिरक्या घेत माझ्याकडे आलं आणि जॅकेटवर आपटून पायाशी पडलं. नुपूरने न वळता विचारलं, "लागलं का बाबा?"

मी म्हटलं, "येताना दिसलं." आणि वाकून उचललं. अजून गरम होतं.

विश्वजित